दर पुलाचा, भाडे नोकऱ्यांचे

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. आपण डोंबिवलीत स्वतःच्या घरात राहता, नोकरी फोर्टात आहे आणि हाताशी २५ लाखांची शिल्लक आहे. नवी मुंबईतल्या उलव्यात बांधकाम चालू असलेल्या इमारतीत ६० लाखांची वन बीएचके सदनिका कर्ज काढून गुंतवणूक म्हणून घ्यावी का, असा विचार चालू आहे. एजंट सांगतो की अटल सेतू, म्हणजे मुंबईहून तिकडे जाणारा सागरी पूल झाला, नवी मुंबईचा विमानतळ झाला, आता दर दुप्पट होणार आणि आजचा भाव फक्त दसऱ्यापर्यंत, म्हणून दहा लाखांचे ‘टोकन’ आताच द्या. समुद्रकाठच्या वाढत्या शहरांकडे गुंतवणूकदार एवढे का ओढले जातात आणि त्यांच्यामागे आपणही जावे का, असे आपण विचारले आहे.

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. गुंतवणूकदार ज्या कारणांनी येतात ती कारणे बहुतेक वेळा खरी असतात, परंतु ती कारणे खरी असूनही आपला व्यवहार तोट्याचा ठरू शकतो. उत्तर देण्याआधी माझी बाजूही सांगतो. मी गेली सत्तावीस वर्षे बँकांसाठी मालमत्तांचे मूल्यांकन करतो आणि त्यातला मोठा भाग ठाणे-बेलापूर पट्टा, पनवेल आणि उरण इथला आहे. मी घरे विकत नाही किंवा विकून देत नाही. कर्ज थकले तर ही जागा किती दिवसांत आणि कितीला जाईल, हे बँकेला लिहून देणे एवढेच माझे काम. त्यामुळे माझी नजर थोडी संशयी झाली आहे, हे गृहीत धरूनच पुढचे वाचावे.

पहिल्या प्रश्नाचे रूढ उत्तर असे दिले जाते की समुद्रामुळे जमीन मर्यादित असते आणि मर्यादित वस्तूचा भाव वाढतो. मुंबईपुरते हे अगदी खरे आहे. पुण्यासारखे शहर चारही दिशांना पसरू शकते. मुंबईला पश्चिमेला समुद्र, पूर्वेला खाडी, मधोमध शंभर चौरस किलोमीटरहून मोठे राष्ट्रीय उद्यान आणि कडेने मिठागरे व कांदळवने आहेत. त्यावर १९९१ पासून किनारा नियमन क्षेत्राचे नियम आले, आणि २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातली. वाढायला उरली ती एकच दिशा, उत्तर. म्हणून इथे तीन पिढ्या जमिनीचा भाव चढत राहिला आणि ‘जागेत घातलेला पैसा बुडत नाही’ हे वाक्य मराठी घरांत सोन्याच्या बरोबरीने जाऊन बसले.

परंतु केवळ टंचाईने शहर श्रीमंत होत नाही. कोकणात समुद्र आणि डोंगर यांच्या मध्ये चिंचोळ्या पट्टीत वसलेली कितीतरी गावे आहेत, तिथेही जमीन थोडीच आहे, तरी तिथले दर मुंबईसारखे झाले नाहीत. किनाऱ्यावरचे शहर वाढते ते समुद्र दिसतो म्हणून वाढत नाही, समुद्रातून माल येतो म्हणून वाढते. मालामागून गोदामे, वाहतूकदार, बँका, विमा कंपन्या आणि कचेऱ्या येतात, आणि त्यांच्यामागून पगारी माणसे येतात. पगारी माणसाला स्टेशनपासून चालत जाता येईल असे घर हवे असते आणि त्यासाठी तो दर महिन्याला भाडे मोजतो. जाणकार गुंतवणूकदार ही साखळी पाहतो. १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले नसते, तर उरण-पनवेलचा आजचा नकाशा फार वेगळा दिसला असता. बंदराच्या कंटेनर यार्डांनी तिकडे किती संसार उभे केले आहेत, ते विमानतळाच्या झगमगाटात आज कोणी बोलत नाही.

तिसरे कारण लोकसंख्येच्या सरकण्याचे आहे, आणि गुंतवणूकदारांना खरे तर तेच सर्वांत जास्त भुरळ घालते. २००१ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, ३३.३८ लाख लोक होते. २०११ मध्ये ते ३०.८५ लाखांवर उतरले. त्याच दहा वर्षांत तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. गिरणगाव रिकामे झाले, चाळींच्या जागी मनोरे आले आणि गिरगाव-लालबागची कुटुंबे डोंबिवली, बदलापूर, विरार, पनवेल अशी बाहेर सरकली. आपले कुटुंबही कदाचित त्याच प्रवाहातून डोंबिवलीला आले असेल. हा प्रवाह पुढे कुठे वळेल ते ओळखून दहा वर्षे आधी तिथे जाऊन बसायचे, ही गुंतवणूकदाराची युक्ती असते. युक्ती चांगली आहे. फक्त ती दहा वर्षे काढण्याची ऐपत लागते.

आता माझ्या मते इथला कळीचा मुद्दा. मुंबईतली टंचाई पुलावरून पलीकडे नेता येत नाही. पूल बांधण्याचा उद्देशच टंचाई कमी करणे हा असतो. उलव्याच्या पलीकडे द्रोणागिरी आहे, पुष्पकनगर आहे, पनवेलभोवती विमानतळाच्या परिसरासाठी अधिसूचित झालेले ‘नैना’चे विस्तीर्ण क्षेत्र आहे, आणि २०२४ मध्ये शासनाने उरण, पनवेल व पेण या तालुक्यांतील १२४ गावांची सुमारे ३२३ चौरस किलोमीटर जमीन नव्या नगरासाठी अधिसूचित केली आहे. हे क्षेत्र मुंबई महापालिकेच्या हद्दीच्या निम्म्याहून मोठे आहे. तिथे किती बांधले जाईल आणि केव्हा, हा भाग वेगळा. परंतु ‘जमीन संपत चालली आहे’ हे मलबार हिलवरचे वाक्य उलव्यात उभे राहून म्हणणाऱ्याला मी तरी गंभीरपणे घेत नाही. आपण पाच वर्षांनी सदनिका विकायला काढाल तेव्हा आपला स्पर्धक शेजारचा फ्लॅटमालक नसेल. पलीकडच्या रस्त्यावरचा बिल्डर असेल, आणि त्याच्याकडे कोरी इमारत, जिम आणि ‘ताब्यापर्यंत हप्ता नाही’ अशी योजना असेल.

दुसरी गोष्ट काळाची. वाशीचा खाडीपूल १९७३ मध्ये झाला. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या शासकीय महामंडळाची स्थापना त्याआधी तीन वर्षे, १९७० ला झाली होती. म्हणजे पूल होता, आखलेले रस्ते होते, भूखंड होते. तरी वाशी बरीच वर्षे मुंबईकरांच्या लेखी ‘लांबचे’ गाव राहिले. घाऊक बाजार मुंबईतून तिकडे हलवले गेले आणि १९९२ मध्ये मानखुर्दहून लोकल खाडी ओलांडून वाशीला पोचली, तेव्हा कुठे माणसे मोठ्या संख्येने राहायला आली. पुलानंतर लोकलसाठी एकोणीस वर्षे गेली. विमानतळाचेही तसेच. केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी २००७ ची, भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ चे, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ चे आणि प्रत्यक्ष प्रवासी उड्डाणे २५ डिसेंबर २०२५ पासून. या अठरा वर्षांत विमानतळाच्या नावावर दर किती वेळा वाढवून सांगितले गेले, याची मोजदाद मी सोडून दिली आहे. दर एकदा घोषणेला वाढतो, एकदा कामाला सुरुवात झाल्यावर वाढतो आणि एकदा प्रत्यक्ष वापर सुरू झाल्यावर वाढतो. पहिली वाढ ज्यांनी शेतकऱ्यांकडून भूखंड घेतले त्यांनी खाल्ली, दुसरी बिल्डर आणि त्यांच्या जवळच्या मंडळींनी खाल्ली. पगारदार माणूस साधारणपणे तिसऱ्या वेळी, रांगेच्या शेवटी येतो, आणि त्याला सांगितल्या जाणाऱ्या दरात पहिल्या दोन्ही वाढी आधीच भरलेल्या असतात.

हे मी पुस्तकी ज्ञानावर लिहीत नाही. विमानतळाच्या मंजुरीच्या हवेत मी स्वतः २००९ मध्ये उरण बाजूच्या एका नोडमध्ये, म्हणजे सिडकोच्या नियोजित वसाहतीत, सदनिका घेतली होती. व्यवसाय मूल्यांकनाचा, तरी घेतली. सोनाराने कान टोचून घ्यावेत तसा प्रकार. ताबा दोन वर्षांत मिळणार होता, तो २०१३ ला मिळाला. पुढे तीन वर्षे पाणी टँकरने येत होते आणि घर बंद होते. पहिला भाडेकरू २०१६ मध्ये आला, तो कंटेनर यार्डातला सुपरवायझर होता. विमानतळाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. २०२१ मध्ये मी ती सदनिका विकली तेव्हा दर बरोबर दुप्पट झाला होता आणि नातेवाइकांत माझे फार कौतुक झाले. बारा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला सहा टक्के, हे मी कोणाला सांगितले नाही. त्यातून सात वर्षांचा मेंटेनन्स गेला होता, तो वेगळाच.

म्हणून मी आता कोणत्याही नव्या भागात दरापेक्षा भाडे आधी विचारतो. दरात भविष्य मिसळलेले असते, त्यात पुलाची, मेट्रोची, मंत्र्यांच्या भाषणांची किंमत असते. भाड्यात फक्त आजचा दिवस असतो, कारण जो माणूस राहायला येतो तो आपल्या पगारातून, आजच्या सोयीचे पैसे मोजतो. दर पुलाने वाढतो. भाडे नोकऱ्यांनी वाढते. अटल सेतूचेच पाहा. २१.८ किलोमीटरच्या या सेतूचे १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झाले आणि शिवडीहून चिर्ल्याला वीस-पंचवीस मिनिटांत जाता येऊ लागले, हे खरेच मोठे काम आहे. परंतु सुरू झाला तेव्हा कारसाठी एका वेळचा टोल २५० रुपये ठरला. रोज जाऊन-येऊन बावीस दिवस धरले तर अकरा हजार. परतीचा पास घेतला तरी आठ हजारांच्या पुढे, पेट्रोल निराळे. जो माणूस आपली वन बीएचके चौदा हजार भाड्याने घेणार आहे तो हा टोल भरून फोर्टात नोकरीला जाणार नाही. तो खारकोपर किंवा बामणडोंगरीहून लोकल पकडेल. ती लाइन खारकोपरपर्यंत २०१८ ला आली आणि सेतूच्याच दिवशी उरणपर्यंत वाढली, पण मुख्य मार्गांच्या मानाने तिच्यावर गाड्या फारच थोड्या आहेत. सेतूने दर वाढवला, भाडेकरू मात्र अजून लोकलच्या वेळापत्रकाकडे पाहतो आहे. विमानतळाची गोष्ट वेगळी होऊ शकते, कारण तिथे सामान चढवणारे, सुरक्षारक्षक, खानपानवाले, कार्गोचे कारकून अशा हजारो पगारी माणसांची गरज कायमची असते आणि ती शिफ्टमध्ये काम करत असल्याने जवळ राहणे पसंत करतात. हे प्रत्यक्षात कितपत उतरले आहे, ते भाड्यांतच दिसेल.

आता आपल्या साठ लाखांचा हिशेब करू. साठ लाखांवर चालू बांधकामाचा ५ टक्के जीएसटी तीन लाख, मुद्रांक शुल्क व नोंदणी मिळून साधारण चार-साडेचार लाख. म्हणजे घर साडेसदुसष्ट लाखांना पडले. आपले २५ लाख गेले, उरलेले साडेबेचाळीस लाख कर्ज. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी हप्ता जवळजवळ ३६,९०० येतो. भाडे १४,००० धरू आणि वर्षातला एक महिना घर रिकामे. मेंटेनन्स महिना अडीच हजार आणि मालमत्ता कर वर्षाला सहा हजार वजा केला, की हातात वर्षाला १ लाख १८ हजार, महिन्याला ९,८०० उरतात. गुंतवलेल्या रकमेवर हे पावणेदोन टक्के झाले. म्हणजे महिन्याला २७,००० रुपये आपण खिशातून घालत राहणार.

हेच पंचवीस लाख आणि हेच महिन्याचे सत्तावीस हजार जर सात टक्क्यांच्या साध्या ठेवीत गेले असते, तर पाच वर्षांनी अनुक्रमे ३५ लाख आणि साडेएकोणीस लाख झाले असते. पाच वर्षांनंतरही कर्ज साडेसदतीस लाख शिल्लक असते, कारण सुरुवातीचे हप्ते बहुतेक व्याजातच जातात. तिन्हींची बेरीज ९२ लाखांच्या आसपास येते. विक्रीची दलाली आणि हस्तांतरणाचा खर्च धरून ९४ लाख. याचा अर्थ, आपली साठ लाखांची सदनिका पाच वर्षांत ९४ लाखांना विकली गेली तर आपण ठेवीच्या बरोबरीने राहिलात. त्यासाठी दर वर्षाला साधारण साडेनऊ टक्के वाढावा लागेल, तोही सलग पाच वर्षे. मी इथे आपल्या बाजूने उदार होऊन भाडे पहिल्याच महिन्यापासून सुरू झाले असे धरले आहे, प्रत्यक्षात ताब्यापर्यंत ते शून्य असते. करांचा विचार दोन्ही बाजूंनी सोडला आहे. ठेवीच्या व्याजावर आपल्या गटाप्रमाणे कर लागेल, तर जुलै २०२४ नंतर घेतलेले घर दोन वर्षांनंतर विकल्यास नफ्यावर साडेबारा टक्के लागेल, म्हणजे कराच्या बाबतीत घर थोडे उजवे ठरते. आकडे आपल्या परिस्थितीप्रमाणे बदलून पाहावेत, गणिताची चाल तीच राहील.

साडेनऊ टक्के अशक्य आहेत का? नाहीत. विमानतळाभोवती नोकऱ्या खरोखर वेगाने वाढल्या आणि त्याच वेळी नवीन बांधकाम मंदावले, तर याहून जास्तही मिळतील. परंतु या दोन गोष्टी एकत्र क्वचित घडतात, कारण दर वाढू लागले की बिल्डर थांबत नाहीत.

बरेच काही आपल्या स्थितीवर अवलंबून आहे, हेही सांगितले पाहिजे. आपली नोकरी पक्की असेल, दोघे कमावत असाल, सत्तावीस हजारांचा भार दहा वर्षे जाणवणार नसेल आणि निवृत्तीनंतर तिकडे राहायला जाण्याचा खरोखर मानस असेल, तर या गणिताला एवढे महत्त्व राहत नाही; राहण्याच्या घराचा हिशेब टक्क्यांत करू नये. मुलांची उच्च शिक्षणे पाच-सात वर्षांवर असतील आणि हे पंचवीस लाख हीच एकमेव शिल्लक असेल, तर मी स्पष्ट नको म्हणेन. घर तातडीने विकता येत नाही, आणि तातडीने विकले तर मूल्यांकनकार म्हणून मी त्याची जी किंमत लिहितो ती मालकाला दाखवण्यासारखी नसते.

आता प्रत्यक्ष जागा पाहण्याविषयी, कारण इथे मला थोडे जास्त सांगता येईल.

नमुना सदनिका पाहू नका. त्याच भागातली, तीन-चार वर्षांपूर्वी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला परवानगी, मिळालेली इमारत शोधा आणि साध्या वारी रात्री साडेआठला तिच्यासमोर उभे राहा. किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोजा. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गेटवर जा आणि दूधवाल्याला विचारा, या इमारतीत किती पिशव्या टाकतोस. एका मनोऱ्यात ऐंशी सदनिका होत्या, सोसायटीच्या म्हणण्याप्रमाणे ‘नव्वद टक्के लोक राहायला आलेले’ होते, आणि दूधवाल्याच्या पिशवीत एकतीस पाकिटे होती. सगळेच दूध घेत नाहीत, हे मान्य; पण एकतीस आणि बहात्तर यांत फार अंतर आहे. उरलेली घरे गुंतवणूकदारांची, कुलूपबंद. मुंबईत कुलूपबंद घरांची सवय जुनी आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरू एकदा आला की निघत नाही अशी जी धास्ती बसली, ती लीव्ह अँड लायसन्सच्या जमान्यातही काहींच्या मनातून गेलेली नाही. परंतु नव्या भागात कुलूपबंद घरांचा अर्थ वेगळा असतो. ती सगळी घरे एक दिवस एकाच वेळी विकायला निघू शकतात.

दर तपासण्यासाठी एजंटाच्या तोंडावर किंवा संकेतस्थळांवरच्या जाहिरातींवर जाऊ नका. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्च सुविधेवर त्या भागातील व्यवहारांच्या सूची क्रमांक दोन, म्हणजे आपण ज्याला इंडेक्स-टू म्हणतो, त्या पाहता येतात. त्यात ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ असे दोन रकाने असतात. बाजारभाव म्हणजे रेडी रेकनरचे, शासनाने ठरवलेल्या दराने येणारे मूल्य, मोबदला म्हणजे कागदावर प्रत्यक्ष ठरलेली रक्कम. गेल्या वर्षभरातले पुनर्विक्रीचे दहा-बारा व्यवहार काढा आणि मोबदल्याला कार्पेट क्षेत्राने भागा. पुनर्विक्रीचेच पाहा, बिल्डरच्या पहिल्या विक्रीचे नको, कारण पाच वर्षांनी आपण पुनर्विक्रेते असणार. नव्या आणि जुन्या दरांत मोठी तफावत दिसली, तर ती तफावत म्हणजे किल्ली हातात पडताच आपण गमावणार असलेली रक्कम आहे.

जमिनीचा इतिहासही पाहावा लागतो. नवी मुंबईत सिडकोची जमीन बहुधा साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने असते, आणि उलवे-द्रोणागिरीतले बरेच भूखंड साडेबारा टक्के योजनेतले आहेत. ही योजना फुकट आलेली नाही. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरणच्या शेतकऱ्यांनी आंदोलन केले, गोळीबारात पाच जण गेले आणि त्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आकाराला आले. हे भूखंड आगरी-कोळी कुटुंबांना एकत्रित मिळाले आणि पुढे सिडको, मूळ कुटुंब आणि बिल्डर यांच्यातल्या त्रिपक्षीय कराराने बिल्डरांकडे गेले. माझ्यासमोर आलेल्या एका प्रकरणात सात वारसांपैकी एका विवाहित बहिणीची सही नव्हती. इमारत पूर्ण झाली होती, चाळीस कुटुंबे पैसे भरून बसली होती आणि बँकेने पुढचे वितरण थांबवले. बिल्डर म्हणत होता की बहिणीने तोंडी हक्क सोडला आहे. तोंडी हक्कसोड कायद्यात चालत नाही. आपल्या वकिलाला मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल आणि सर्व वारसांची नावे मागायला सांगा. प्रकल्पाची महारेरा, म्हणजे राज्याच्या गृहबांधणी नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणी असणे ही किमान अट आहे. ती मालकी हक्काची हमी नव्हे.

समुद्राचीही एक किंमत असते, ती जाहिरातीत ‘सी ब्रीझ’ म्हणून उलटी लिहिलेली असते. खारी हवा काँक्रीटमध्ये शिरते, आतली सळई गंजून फुगते आणि बाहेरचा थर ढिला होतो. मी तपासणीला जाताना खिशात लहान हातोडी ठेवतो. बाल्कनीच्या तुळईवर ठोकल्यावर टणक आवाजाऐवजी बद्द आवाज आला, की त्या सोसायटीचा मेंटेनन्स पुढच्या काही वर्षांत कितीवर जाणार याचा अंदाज येतो. शिवाय खाडीकाठचे बरेच नोड भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. म्हणून सिडकोने पावसाचे पाणी भरती ओसरेपर्यंत साठवणारे धारण तलाव आणि भरतीला आपोआप मिटणारी झडपेची दारे अशी व्यवस्था केली. तलावांत गाळ साचला की ती व्यवस्था अडखळते. विमानतळाजवळ आणखी एक अडचण असते, ती म्हणजे इमारतींच्या उंचीवर कायमची मर्यादा. मुंबईत जुन्या इमारतीला भाव येतो तो पुनर्विकासात वाढीव मजले मिळण्याच्या आशेने. ती आशा विमानमार्गाखाली धरता येत नाही.

तर आतापर्यंतचे थोडक्यात: किनाऱ्यावरच्या वाढत्या शहराचे आकर्षण बंदर, नोकऱ्या आणि सरकती लोकसंख्या यांमुळे असते व ते खोटे नाही, आपण मात्र त्या वाढीत बऱ्याच उशिरा, बऱ्याच पुरवठ्याच्या भागात आणि कर्जाच्या पैशाने शिरत आहात.

आपल्या जागी मी असतो तर साठ लाखांच्या चालू बांधकामाऐवजी त्याच पट्ट्यात स्टेशनपासून दहा मिनिटांच्या चालीवरची, भोगवटा प्रमाणपत्र असलेली, भाडेकरू राहत असलेली पुनर्विक्रीची सदनिका पंचेचाळीस-पन्नास लाखांत मिळते का ते पाहिले असते. जीएसटी वाचतो, भाडे पहिल्या महिन्यापासून खरोखर मिळते आणि नोंदणीकृत भाडेकरार वाचून भाड्याचा खरा आकडा कळतो. मिळाली नाही, तर थांबलो असतो.

राहता राहिला दसऱ्याचा भाव. दसऱ्यानंतर दिवाळीचा पाडवा येतो, त्यानंतर गुढीपाडवा, मग अक्षय्य तृतीया. प्रत्येक मुहूर्ताला तोच भाव ‘शेवटचा’ म्हणून पुन्हा निघतो. नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास बिल्डरला कायद्याने मनाई आहे, तेव्हा दहा लाखांच्या ‘टोकन’ची जी मागणी आपण लिहिली आहे ती मुळातच नियमाबाहेरची आहे. आज एक रुपयाही देऊ नका. मुंबई महापालिका दर पावसाळ्यात साडेचार मीटरहून मोठ्या भरतीचे दिवस आधी जाहीर करते. त्यातल्या एका दिवशी, पाऊस कोसळत असताना, भरतीच्या वेळेला त्या भागातल्या एखाद्या तयार इमारतीच्या तळमजल्याच्या पार्किंगमध्ये जाऊन अर्धा तास उभे राहा आणि वॉचमनला विचारा की गेल्या वर्षी पाणी कुठपर्यंत आले होते. तो बहुधा बोटाने भिंतीवरची खूण दाखवेल.